आधी ब्रॅकेट, मग शून्य

अनेक आशीर्वाद.

वहीची पानं पाहिली. गणित बरोबर आहे, घाई नडली. वर्तुळावर फिरणाऱ्या कणाची दोन बंधनं, म्हणजे शून्यच राहायला हवीत अशी फलनं, तू नीट लिहिलीस: एक्स वर्ग अधिक वाय वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग, आणि स्थान व संवेग यांचा अदिश गुणाकार. मग दोन्ही ‘शून्यच’ म्हणून खोडलीस, आणि आता विचारतेस की शून्याचा शून्याशी पॉइसन ब्रॅकेट त्रिज्येच्या वर्गाच्या दुप्पट कसा?

अगं, पॉइसन ब्रॅकेट बनतो तो स्थान आणि संवेग बदलताना दोन फलनं किती बदलतात यातून. तो किंमत बघत नाही, उतार बघतो. वर्तुळावर पहिल्या फलनाची किंमत शून्य आहे. वर्तुळावरून केसभर बाहेर सरक, ती बदलते. तो बदलच ब्रॅकेटमध्ये येतो. आधी ब्रॅकेट काढ, मग शून्य भर. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९५० च्या निबंधात ‘दुबळी’ समानता, म्हणजे फक्त बंधनं पाळली जातात तिथेच खरी असणारी, वेगळी काढली, ती याचसाठी.

ही जोडी सेकंड क्लास, म्हणजे तिचा आपसातला ब्रॅकेट बंधनं पाळूनही शून्य होत नाही, म्हणून डिरॅक ब्रॅकेट लागतो: बंधनं हिशेबात घेऊन दुरुस्त केलेला ब्रॅकेट. तो काढलास की एक्स आणि त्याच्या संवेगाचा ब्रॅकेट एक उरत नाही. वाय वर्ग भागिले त्रिज्येचा वर्ग होतो. वर्तुळाच्या अगदी उजव्या टोकाला वाय शून्य, म्हणून ब्रॅकेटही शून्य. तिथे कणाला एक्सच्या दिशेने हलताच येत नाही! हे दिसलं की पुन्हा घाई होणार नाही.

बंधनांवर शून्य होणाऱ्या फलनांचा आयडियल घे, म्हणजे असा संच की त्यातल्या फलनाला कशानेही गुणलं तरी ते त्यातच राहतं. त्यातलं काहीही दुसऱ्या फलनात मिसळ. पृष्ठभागावर फलन तेच दिसतं, ब्रॅकेट मात्र बदलू शकतो. फर्स्ट क्लास बंधनांत, म्हणजे ज्यांचे आपसातले ब्रॅकेट बंधनांवर शून्य होतात त्यांत, हा आयडियल ब्रॅकेटखाली बंद असतो: त्यातल्या दोघांचा ब्रॅकेट त्यातच पडतो. तिथेसुद्धा ज्यांचा आयडियलशी ब्रॅकेट आयडियलमध्येच पडतो तेवढीच फलनं ठेवायची, आणि मग आयडियलने भागायचं, म्हणजे फक्त आयडियलपुरता फरक असलेली फलनं एकच मानायची. आधी भागलंस तर ब्रॅकेटला अर्थच राहत नाही.

‘एक्स-वाय सोड, त्यांच्याऐवजी कोनच चल म्हणून घे, दोन ओळींत सुटतं,’ असं तुला सांगतील. मलाही सांगत. विद्युतचुंबकीय क्षेत्रात गाउसचा नियम हेच बंधन. तिथे कुठला कोन घेणार? वर्गात बंधनांवर मी जे दोन तास घेत असे, त्यांच्यापायी विभागात मला हटवादी म्हणत, आणि मी ते तास शेवटपर्यंत सोडले नाहीत. गुरुत्वाकर्षणात हॅमिल्टोनियनच, म्हणजे ऊर्जेचं फलनच, बंधन होऊन बसतो. तिकडे वळायचं माझं पेपर तपासण्यात राहून गेलं, ते सलतं. पण हे तास? पुन्हा तसेच घेईन.

आता गोलावरचा कण घे. तिन्ही संवेगांचे आपसातले डिरॅक ब्रॅकेट काढ, कोन न घेता. मधल्या पायऱ्या गाळू नकोस. कुठे शून्य आधी भरलेलं दिसलं तर वही तशीच परत पाठवीन.