एफडी मोडून फोम कापायचं मशीन?

प्रश्न : वय ३९, नाशिक. पगार हातात ६२,००० रुपये. घराचा हप्ता १९,०००, घरखर्च ३१,०००, एसआयपी ५,०००. अडीनडीला दीड लाखाची एफडी. रेडिओ कंट्रोल विमानांचे पंख गरम तारेनं फोममधून कापणारं चार अक्षांचं सीएनसी (संगणकाच्या हुकमानं चालणारं) मशीन घरी बनवायचंय. सुट्या भागांचा अंदाज ३८,०००. सहावीतल्या मुलीलाही विमानांचा नाद लागलाय. एफडी मोडू का? क्लबातल्या मित्रांना महिन्याला पंखांच्या दहा जोड्या विकल्या आणि जोडीमागे ४०० सुटले, तर वर्षात पैसे वसूल होतील.

उत्तर : मशीन जरूर बनवा. एफडीला हात लावू नका.

हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ५०,००० लागतात. म्हणजे ही एफडी जेमतेम तीन महिन्यांची शिदोरी आहे. मी सहा महिन्यांची ठेवायला सांगतो. मुदतीआधी मोडल्यावर बँक थोडं व्याज कापेल, त्याचं मला विशेष वाटत नाही. पण उद्या नोकरीत काही झालं, तर मशीनच्या वापरलेल्या स्टेपर मोटरींचे (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) कोणी पैसे देणार नाही.

तुमची यादी नीट पाहिली. चार नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर, आर्डुइनो मेगा हा नियंत्रक, त्यावर बसणारा रॅम्प्स बोर्ड, अक्ष सरकवणारे लीडस्क्रू, रॉड, बेअरिंग सगळं आहे. तार तापवायचा वेगळा पॉवर सप्लाय मात्र नाही. अक्ष टोकाला पोचल्याचं कळवणारे लिमिट स्विच नाहीत, तार ताणून धरणारी स्प्रिंग नाही. एक्झॉस्ट फॅनही नाही, आणि तो हवाच. मुलगी शेजारी उभी असताना थर्मोकोलचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका. चालू सर्किटवर मोटरची वायर निघाली की ड्रायव्हर जातो, तेव्हा एक-दोन जादा घ्या. मी ४५,००० धरतो.

विक्रीचं उत्पन्न पहिल्या वर्षी शून्य धरा. निमुळता पंख कापताना तारेची दोन्ही टोकं एकाच क्षणी शेवटाला पोचावी लागतात. अरुंद बाजूला अंतर कमी, म्हणून तार तिथं हळू सरकते, फोम जास्त वितळतो आणि पंख हवा त्यापेक्षा बारीक निघतो. हे बसवण्यात कितीतरी रविवार जातील. तोवरचे पंख विकण्याजोगे नसतील.

एसआयपी चालू ठेवून तुमच्याकडे ७,००० उरतात. त्यातले ३,००० अडीनडीच्या पैशांत घाला, ४,००० मशीनला द्या. साधारण वर्ष लागेल, आणि मला हे हळू जाणंच आवडतं. पहिल्या महिन्यात फक्त बोर्ड, एक मोटर, एक ड्रायव्हर, एक लीडस्क्रू आणि छोटा सप्लाय घ्या. त्या एका अक्षाला १०० मिलिमीटर सरकायला सांगा आणि व्हर्नियरनं मोजा. दोन महिन्यांनी तो अक्ष तसाच टेबलावर पडून राहिला, तर थांबा. गेले तर थोडे हजार जातील, ४५,००० नाही.

तोवर हातानं कापा. प्लायचे दोन साचे, त्यांच्या कडेवर आकडे आणि नायक्रोमची (विजेनं तापणारी) तार ताणलेलं धनुष्य. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला लेक. ती "तीन, चार, पाच" मोठ्यानं म्हणेल तसं दोघांनी सरकायचं. यातल्या चांगल्या उतरलेल्या दोन जोड्या मित्रांना विकून बघा. रोख पैसे हातात आले, तर पुढच्या वर्षी विक्रीचा आकडा हिशेबात घेऊ.