डेंग्यूच्या साथीत धूर सोडणे पुरेसे असते का?

आपला प्रश्न असा आहे की, ठाण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की धुराची गाडी फिरते. साथ रोखण्याची तयारी म्हणजे एवढेच का? घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलाचा मी काही वर्षे सचिव होतो. त्या अनुभवावरून सांगतो की धूर हा या कामाचा सर्वांत ठळक दिसणारा, पण बराच तोकडा भाग आहे.

धुराने उडते डास मरतात, अळ्या मरत नाहीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळण्यामागे हेच गणित आहे. अंडी मात्र कोरड्या भांड्याला चिकटून कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे पिंप नुसते उपडे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते. आमच्या घरी तपासणीस आलेल्या कामगाराने पिंप आणि मनीप्लांटची बाटली पाहून झाल्यावर फ्रिज ओढायला लावला आणि मागच्या ट्रेवर बॅटरी मारली. जेमतेम अर्धा पेला पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या! कोरड्या दिवसाच्या सूचना फलकावर मीच लावत होतो.

त्याहून अवघड होते ते दार उघडून घेणे. चाळीस घरांपैकी आठ-दहा घरे तपासनिसाला आत घेत नसत, आणि ताप आलेला माणूस घरात असला तरी तसे सांगत नसत. ही भीती जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात सोजिरांनी, म्हणजे गोऱ्या सैनिकांनी, घरात शिरून झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. २०२० मध्येही कायदा तोच होता. तेव्हा ठाण्यातल्या बाळकुमला मोठे कोविड रुग्णालय उभे राहिले, पण आमच्या संकुलात खोकला लपवणारे होतेच.

म्हणून पुढच्या वेळी धुराची गाडी का आली नाही असे विचारण्याऐवजी, रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपासच्या घरांची पाण्याची तपासणी झाली का, हे प्रभागातील आरोग्य केंद्रात विचारावे.