छबिन्याची तयारी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या गावात दसऱ्याला देवीचा छबिना, म्हणजे मिरवणूक, निघते. लाकडी सिंहावर पितळी उत्सवमूर्ती बसवतो. अर्धी वाट झाली की मूर्ती मागे कलते, पुजाऱ्याला हात लावूनच चालावं लागतं. कुठं चुकतं? (औसा)

उत्तर: आधी प्रभावळ (मूर्तीमागची कमान) बघा. ती मूर्तीलाच तारेनं आवळली असेल, तर खांदेकऱ्यांच्या प्रत्येक हिसक्याला मूर्ती मागे ओढली जाते. प्रभावळ वेगळी, खालच्या चौकटीला बांधा.

मूर्तीखाली घोंगडीची दुहेरी घडी घाला. रेशमी वस्त्र घातलंत तर ती घसरणारच. बांधायला दोन इंच रुंदीची सुती नवार घ्या, पाच-सहा मीटर पुरते. नायलॉनची दोरी ताणते आणि तार पितळेला चरे पाडते. नवारीचे वेढे मूर्तीच्या कमरेला नकोत, पीठाला (मूर्तीच्या बैठकीला) द्या. मग चौकटीच्या चारही कड्यांतून तिरपी ओढून मागच्या बाजूला गाठ मारा. पीठ मागे झुकत असेल तर तिथं लाकडाची पातळ पाचर. हे सगळं झाल्यावरच साडी नेसवा, म्हणजे नवार झाकली जाते. साज चढवल्यावर बांधायला घेतलं की गाठ सैलच राहते. तुळजापुरात सीमोल्लंघनाला मूळ मूर्ती पालखीत नेतात, तेव्हा तिला साड्यांची दिंड गुंडाळतात. हिसका कापडानं सोसायचा, हे तिथंही दिसतं.

ओल्या झेंडूचे हार गळ्यात वाढत गेले की पुढचा भार बदलतो. गळ्यात एकच हार ठेवा, बाकीचे चौकटीला लावा.

खांदेकऱ्यांचंही बघा. वाहन (म्हणजे तो सिंह), चौकट, दांड्या, मूर्ती मिळून 120 किलो धरले तर आठ जणांत प्रत्येकी 15 येतात, पण वळणावर एकाच खांद्यावर दुप्पट भार पडू शकतो. उतारावर उंच माणसं पुढे, चढावर मागे. आदल्या रात्री मूर्तीच्या वजनाइतकं वाळूचं पोतं बांधून एक फेरी मारा.

प्रश्न: चांदीचा पत्रा चढवलेला नंदी आम्ही चिंचेनं घासतो, तरी दोन वर्षांत पत्रा सुटायला लागला. (परळी)

उत्तर: तरी नव्हे, त्यामुळेच! आत सागवान आहे. चिंचेचं पाणी चुकांच्या (बारीक खिळ्यांच्या) भोकांतून आत शिरतं, लाकूड फुगतं आणि पत्रा उचलतो. चुका लोखंडी असतील तर गंजाचे डागही पडतात. चिंच पितळी घंटेला वापरा.

गुलाल आधी मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसलात तर तो नक्षीत जाऊन बसतो. मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा. काळपटपणा राहिलाच तर खडूची बारीक पूड बोटानं, हलक्या हातानं लावा. दरवर्षी घासून आयाळीची नक्षी सपाट झालेली वाहनं कमी नाहीत. थोडा काळेपणा राहू द्यावा, त्यानं नक्षी उठून दिसते. वाहन सुती कापडात गुंडाळून ठेवा. लोकर आणि रबर नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. सुटलेल्या जागी पितळी चुका सोनाराकडूनच ठोकून घ्या.

प्रश्न: दिवट्या वाहनापासून किती अंतरावर असाव्यात? (लोहा)

उत्तर: चार-पाच हात पुढे. तेल घालताना दिवटीवाल्यानं बाजूला थांबावं. चालता चालता ओतलेलं तेल दांड्यांवर सांडतं आणि खांदेकऱ्यांची पकड सुटते.