साडेतेवीस किलो, बारा रुपये

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जि. यवतमाळ. साडेतीन एकर कोरडवाहू. कापूस अन् तूर. मी दहावी शिकलेली, मालक बारावी. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. यंदा वेचणीच्या वेळी संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना ती माझ्याजवळ बसायची. एका बाईचा कापूस साडेतेवीस किलो भरला, मजुरी किलोला बारा रुपये. मी मोबाईल काढेपर्यंत ही म्हणाली, "दोनशे ब्याऐंशी." कसं केलं म्हणून विचारलं तर म्हणे, "चोवीस किलोचे दोनशे अठ्ठ्याऐंशी, त्यातले अर्ध्या किलोचे सहा काढले." हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मालक म्हणतात, तालुक्याला अ‍ॅबॅकसचा क्लास लावू. सासूबाई म्हणतात, "पोरीच्या जातीले एवढं गणित कायले पायजे?" सासरे मात्र खूश, रोज रात्री तिच्याकडून दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ करून घेतात. गुरुजी म्हणतात, हुशार आहे, पण वहीत नुसतं उत्तर लिहिते, रीत लिहीत नाही, म्हणून मार्क कापावे लागतात. तिला एकदम पाचवीत बसवावं का, असंही मनात येतं. काय करावं? पुढच्या परीक्षांचंही सांगा.
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या 'चोवीस'पाशी थांबले. भराभर गुणाकार करणारी लेकरं प्रत्येक शाळेत दोन-चार निघतात. पण साडेतेवीस अडचणीचा आहे हे ओळखायचं, शेजारच्या सोप्या आकड्यावर जाऊन बसायचं, किती जास्तीचं घेतलं ते ध्यानात ठेवून तेवढंच परत करायचं, हे आठ वर्षांच्या पोरीला आपलं आपण सुचलं, त्याचं मला अप्रूप आहे. चोवीस बारे तिने कसे केले, तेही एकदा विचारा. माझा अंदाज, बारा बारे एकशे चव्वेचाळीस दोनदा घेतले असतील. वेगळंच काही सांगितलं तर आणखी चांगलं.

म्हणूनच अ‍ॅबॅकसच्या क्लासला माझा कौल नाही. तिथे हिशेबाचा वेग वाढतो आणि तो तुमच्या लेकीला आधीच आहे. त्यासाठी तिने शाळा सुटल्यावर एसटीत धक्के खात तालुक्याला जावं, रात्री दमून यावं आणि आजोबांची दिडकी बुडवावी, हे मला पटत नाही. मालकांना म्हणावं, त्या फीमध्ये चौकटीच्या वह्या, चांगली कंपासपेटी आणि मोजायचा लांब टेप आणा.

टेप कशाला, ते सांगते. तुमच्याकडे जमीन गुंठ्यात मोजतातच. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. असे 40 गुंठे म्हणजे एकर. एखाद्या रविवारी बापलेकीने शेताच्या कोपऱ्यात चार खुंट्या ठोकून, सुतळी बांधून एक गुंठा आखावा. 33 गुणिले 33 किती, ते तिला काढू द्या. 1089 येतील.

मग घरी येऊन तिला म्हणा, तीन आकडी कोणतीही संख्या घे, फक्त पहिला आणि शेवटचा अंक सारखा नको. समजा तिने 841 घेतली. ती उलटी लिहायची : 148. मोठीतून लहान वजा : 693. हीसुद्धा उलटी : 396. आता या दोघींची बेरीज करायची. 1089! दुसरी संख्या घेतली, 520, तर 520 वजा 025 बरोबर 495, आणि 495 अधिक 594 पुन्हा 1089. पोरगी चाट पडेल आणि पाटी भरून संख्या मांडेल.

आणि कधीतरी ती 453 घेईल. 453 वजा 354 म्हणजे 99. उलटे केले तरी 99. बेरीज 198! इथे ती तुमच्याकडे येईल, कदाचित रडकुंडीला येऊन. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी सांगू नका. "मले तं नाई समजत बा, तूच पाय," एवढंच म्हणा. दोन दिवस लागोत, आठ दिवस लागोत. 99 हे तीन आकडी घर धरून 099 असं लिहिलं की उलटे 990 होतात आणि बेरीज पुन्हा 1089 वर येते, हे तिचं तिला दिसलं पाहिजे. त्या दोन दिवसांत ती जे डोकं चालवेल त्याला मी गणित म्हणते. त्याआधीची वजाबाकी-बेरीज कोणीही करील.

तिला हे सापडलं की पुढचं विचारा : असं होतं काहून? वजाबाकीची उत्तरं एकाखाली एक लिहायला लावा. 099, 198, 297, 396, 495 अशी ती 891 पर्यंत जातात, दुसरी येतच नाहीत. मधला अंक कायम 9, कडेच्या दोघांची बेरीजही 9. सगळी 99 च्या पाढ्यातली. यापुढे मी बोलत नाही, ती बोलेल. मात्र गुंठ्याचे 1089 आणि हे 1089 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लेकरं लगेच संबंध जोडतात, तेवढं सांगून ठेवा.

हाच नाद आपल्याकडच्या एका मास्तराला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे. मोठं विद्यापीठ ना खुर्ची, फावल्या वेळात अंकांशी खेळायचे. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 बरोबर 3087. मग 8730 वजा 0378 बरोबर 8352. मग 8532 वजा 2358 बरोबर 6174. यापुढे कितीही वेळा करा, 6174 च येतात. 1949 साली त्यांना हे सापडलं आणि आज जगभर ती संख्या त्यांच्या नावाने ओळखतात. जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात, ते तुमच्या लेकीला शोधायला ठेवते.

आता गुरुजींची तक्रार. त्यांचं बरोबर आहे, पण पोरीचंही बरोबर आहे. जे डोक्यात एका झटक्यात झालं ते चार ओळींत कशाला लिहायचं, असं तिला वाटतं. तिला समजावून सांगायला कोणीतरी समोर लागतं. सासऱ्यांना कामाला लावा. दिडकी येते म्हणजे त्यांना पावकी, पाऊणकी, कदाचित औटकीही येत असेल. आजोबांनी औटकी म्हणावी, म्हणजे साडेतीनचा पाढा, आणि नातीने त्यांना पटवून द्यावं की सातच्या पाढ्याचं अर्धं केलं की हीच येते. आजोबांनी मुद्दाम हुज्जत घालावी, "कायवरून?" म्हणावं. तोंडी पटवायची सवय लागली की कागदावर उतरवायला फार वेळ लागत नाही. गुरुजींना विनंती करा की रोजच्या वीस सारख्या गणितांपैकी तिला पाचच द्यावीत, पण त्या पाचांची रीत पूर्ण लिहून घ्यावी. उरलेल्या वेळात 1089 चा खेळ फळ्यावर तिलाच मांडू द्यावा. वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या पोट्ट्यालाही त्याची गोडी लागली तर तिला सोबत होईल, आणि अशा लेकराला सोबत फार लागते.

पाचवीत बसवायचं मनातून काढून टाका. आकडेमोडीत ती पुढे असेल, पण वाचन, लेखन, खेळ, मैत्रिणी तिसरीच्याच आहेत. तिसरीतल्या तिसरीत तिला खोल जाऊ द्या. चिंचोक्यांचे आयत मांडायला सांगा : बाराचे तीन तऱ्हांनी मांडता येतात, तेराची एकच सरळ ओळ होते. आणखी कोणते आकडे तेरासारखे हट्टी, याची यादी तिने करावी. पाहुणे आले की "सांग गं, सत्तावीस सक्कं किती" असं मात्र कोणी करू नका. शाबासकी चटक लावते, मग चुकण्याची भीती बसते आणि अवघड गणिताला लेकरू हातच लावत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. मंगला नारळीकरांचं नाव त्यांना सांगा. संसार, मुली सांभाळून त्यांनी गणितात पीएच.डी. केली आणि पुढे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष झाल्या. तेवढ्याने पटलं नाही तर तुमच्या बचत गटाचं शेकडा दोन व्याज पोरीकडून तपासून घ्या आणि सासूबाईंना शेजारी बसवा.

परीक्षांची आताच घाई नको. पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाचा अर्ज भरा, प्रवेश सहावीत मिळतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि तिथल्या पेपरात अंकगणिताबरोबर बुद्धिमत्तेचे प्रश्नही असतात. पण ती निवासी शाळा आहे, तेव्हा लेकीला घर सोडून राहायचं आहे का, ते आधी तिलाच विचारा. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा गुरुजी सांगतीलच. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे. गणिताच्या ऑलिम्पियाड स्पर्धेच्या पहिल्या पायरीची गोष्ट त्याच सुमारास बोलू. तोवर वरच्या वर्गांची गणिताची पुस्तकं चाळायची तिला हौस आली तर ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात. मालकांच्या मोबाईलवर चालतील. पण पान कितवं उघडायचं, ते तिचं ती ठरवेल.