ओक्लाहोमाला येताय, तर पोरीच्या कागदांवरचं नाव आधी बघा

भाऊ, तुम्ही विचारलंत, ओक्लाहोमात नोकरी मिळतेय, बायकोला आणि सहा वर्षांच्या पोरीला घेऊन जाऊ का, टॉर्नेडोची भीती किती धरायची? व्हिसाचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी सुट्टीला दर्यापूरजवळ माहेरी आले आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून झोप लागत नाही, म्हणून लिहिते.

20 मे 2013. आम्ही ओक्लाहोमातल्याच मूर गावात राहायचो. दुपारी 2:40 ला टॉर्नेडोचा इशारा आला, 2:56 ला तो जमिनीला टेकला आणि 39 मिनिटं फिरत राहिला. 24 माणसं गेली, त्यातली 7 लेकरं एकाच शाळेतली. माझा मुलगा दुसऱ्या शाळेत होता. त्याची शाळा वाचली. पण मुलगा माझ्या हाती द्यायला त्यांनी दीड तास लावला, कारण माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि त्याच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं. काचेपलीकडे तो रडताना दिसत होता. नियम असेल त्यांचा, मला तो आजही पटत नाही. फॉर्मवर वहिनींचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा. पोरीला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत एखाद्या शेजाऱ्याचंही नाव टाका.

घर बघताना आधी शेल्टर, म्हणजे वादळात लपायची जागा, आहे का विचारा. तिकडे बऱ्याच घरांना तळघर नसतं. मग खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची आतली खोली ठरवून ठेवा, तिथे पोरीचं हेल्मेट आणि बूट असू द्या. गाडी काढून पळू नका. त्याच वर्षी 31 मेला एल रिनो गावाजवळ टॉर्नेडो आला, चार किलोमीटरहून रुंद. लोक गाड्या घेऊन निघाले आणि रस्त्यांवर अडकले. त्यात आम्हीही होतो. 'काढा गाडी' असं मीच ओरडले होते, मागच्या सीटवर लेकरू असताना.

एकटेपणा वाटतो, सवय होते.

आमच्याकडे शनिवारी दुपारी बाराला टॉर्नेडोच्या भोंग्याची चाचणी असते. मुलगा आता कॉलेजात आहे, भोंगा वाजला तरी जेवत राहतो. माझा घास अडकतो.

लहानपणी आम्ही पोट्टे वावटळीत मुद्दाम शिरायचो, डोळे मिटून. परवा धुऱ्यावर तशीच एक उठली, पुरुषभर उंचीची. मी आईचा दंड धरला, तिला कोठीच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. तिच्या हाताला कणीक होती. "काय झालं वं बाई?" ती विचारत राहिली. वावटळ केव्हाच शेजारच्या वावरात विरली होती, आणि मी दाराला पाठ लावून उभी होते.