रसायनशास्त्रात भूमिती आणि तत्त्वज्ञानाचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो, आणि पदोपदी. मी स्वतः रसायनशास्त्राचा माणूस आहे म्हणून छातीठोकपणे सांगतो.

वहीत आपण कार्बनचे चार बंध अधिकच्या चिन्हासारखे काढतो. रेणू खरोखर असा सपाट चौरस असता, तर डायक्लोरोमिथेनचे (एका कार्बनला दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरीन जोडलेला रेणू) दोन प्रकार मिळाले असते: एकात दोन्ही क्लोरीन शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रयोगशाळेत मात्र एकच मिळतो. मग बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार टोकांकडेच जात असले पाहिजेत, मधला कोन सुमारे १०९.५ अंश. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी ही कल्पना मांडली (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल बेलनेही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे). अणू तेव्हा कुणी पाहिलाही नव्हता! मला तर हे अजूनही थक्क करतं. कोल्बेसारख्या ज्येष्ठ जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याच्यावर जाहीर तोंडसुख घेतलं. पुढे १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफलाच मिळालं.

आता तत्त्वज्ञान. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७६८ मध्येच विचारलं होतं की डावा आणि उजवा हात मापाने तंतोतंत सारखे, तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला का बसत नाही? बरोबर ८० वर्षांनी, १८४८ मध्ये, पाश्चर टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडत बसला होता. काही डावे, काही उजवे, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. एका ढिगाचं द्रावण ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या) प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं तेवढीच डावीकडे. कांटचा हातमोजा तिथे काचेच्या नळीत उतरला होता.