कॅसिनोतल्या नूडल्सच्या रेस्टॉरंटमध्ये जेवावं का? काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा: लास वेगासला तीन रात्री मुक्काम आहे, हॉटेलच्या कॅसिनोतच नूडल्सचं रेस्टॉरंट आहे, पण लोक म्हणतात तिथे पर्यटकांना लुटतात आणि खऱ्या नूडल्स चायनाटाउनमध्येच मिळतात. मग तिथे जावं का आणि काय मागवावं?

जा, बिनधास्त जा. "कॅसिनोतलं खाणं नकली" हे ऐकून ऐकून मला वीट आलाय. ही रेस्टॉरंटं बऱ्याचदा बॅकारॅट या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलांच्या आसपास असतात, आणि त्याला कारण आहे. बॅकारॅटवर चिनी, व्हिएतनामी गिऱ्हाईक मोठं. ते रात्री उशिरा टेबलावरून उठतं आणि त्याला गरम, झटपट, लहानपणापासून ओळखीचं काहीतरी हवं असतं. वॉनटनचं, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पुरचुंड्यांचं सूप बिघडलं तर ते शेजारच्या कॅसिनोत जाऊन बसतं. एवढं चोखंदळ गिऱ्हाईक रोज समोर असताना आचाऱ्याला हात राखून काम करता येत नाही.

स्वयंपाकघर पारखायचं तर बीफ चाऊ फन मागवा, सूप नसलेलं, कोरडं परतलेलं. तांदळाच्या ताज्या, साधारण दोन सेंटिमीटर रुंद नूडल्स, मांस, मुगाचे मोड, कांद्याची पात, साधा आणि गडद सोया सॉस. जिन्नस एवढेच, म्हणून चूक लपवायला जागाच नाही. मांस कॉर्नफ्लोअर, सोया सॉस, तेल आणि चिमूटभर खाण्याचा सोडा लावून मुरवतात, मग ते मऊ राहतं. वॉक, म्हणजे खोलगट चिनी कढई, धूर येईपर्यंत तापवून मांस आधी परतून काढून घेतात आणि मग नूडल्स टाकतात. त्या झाऱ्याने ढवळल्या की तुटतात, म्हणून वॉक उडवून उलटायच्या. नीट जमलेल्या प्लेटमध्ये पट्ट्या अखंड असतात, रंग सगळीकडे सारखा असतो, कडांना किंचित करपल्याचा खमंग वास असतो आणि खाऊन झाल्यावर तळाशी तेलाचं तळं उरत नाही.

हे बिघडतं ते बहुतेक वेळा गर्दीमुळे. एका वॉकमध्ये एक, फार तर दोन प्लेटी नीट होतात. शो सुटले की एकदम वीस ऑर्डरी येतात, आचारी चार प्लेटी एकत्र टाकतो, वॉक थंड पडतो, मोडांना पाणी सुटतं आणि नूडल्स परतण्याऐवजी वाफेवर शिजतात. म्हणून दुपारी तीन ते पाच किंवा रात्री अकरानंतर जा, फक्त बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. चायनाटाउनमध्येही शनिवारी रात्री आठला हेच होतं. पत्ता बदलल्याने वॉक तापत नाही!

वॉनटन नूडल सूप आलं की फोटो नंतर काढा. बारीक अंड्याच्या नूडल्समध्ये क्षार घातलेला असतो, त्यानेच तो पिवळेपणा आणि चावताना लागणारा ताण येतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास उकळायच्या, गार पाण्यात धुवायच्या आणि पुन्हा गरम पाण्यात बुडवून काढायच्या, अशी रीत आहे. जाणकार आचारी चमचा आणि वॉनटन तळाशी ठेवून नूडल्स वर रचतो, कारण सूपमध्ये बुडून राहिल्या की त्या फुगतात. आधी नूडल्स संपवा, वॉनटन थांबतात. सूप सुकवलेला मासा, कोळंबीची टरफलं आणि डुकराची हाडं यांचं असतं. घोटभर चाखल्याशिवाय त्यात तिखट सॉस ओतू नका. हे फो या व्हिएतनामी नूडल सूपलाही लागू. फोमध्ये गोडसर होइसिन सॉस आणि तिखट 'श्रीराचा' सॉस ढवळून "चव नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

शाकाहारी असाल तर "व्हेजिटेबल नूडल्स" या नावावर अजिबात विसंबू नका. भाज्या असतात, पण सूप कोंबडीचं आणि सॉस ऑयस्टरचा, म्हणजे कालवांचा. वेटरला तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा: चिकन स्टॉक, ऑयस्टर किंवा फिश सॉस, अंडं. तांदळाच्या रुंद नूडल्स, टोफू आणि साधा सोया सॉस, कोरडं परतून, ही त्यातल्या त्यात सुरक्षित ऑर्डर. वॉक मात्र मांस परततात तोच असतो. तेही चालत नसेल तर इथे जेवू नका.

बिलावर साधारण 8.375 टक्के कर लागतो आणि टिप 15 ते 20 टक्के धरा. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बऱ्याचदा आधीच जोडलेली असते, ती ओळ वाचूनच सही करा. कॅसिनोचं मेंबर कार्ड फुकट निघतं. काही ठिकाणी त्यावर सूट असते, तेव्हा बिल मागायच्या आधी दाखवा. पण जेवण फुकट मिळावं म्हणून खेळायला बसू नका. बॅकारॅटमध्ये 'बँकर' या बाजूवर लावलेल्या पैशांतला सरासरी 1.06 टक्के वाटा कॅसिनोचा, 'टाय'वर, म्हणजे दोन्ही बाजूंची बरोबरी होईल या पैजेवर, तो 14 टक्क्यांच्या वर जातो. फुकटचं जेवण याच पैशांतून येतं.

मुलं बरोबर असतील तर 21 वर्षांखालच्यांना खेळण्याच्या जागेत थांबता येत नाही. रेस्टॉरंटपर्यंत चालत जायला हरकत नसते, पण मशिनपाशी रेंगाळू देऊ नका. बऱ्याच कॅसिनोंत आत सिगारेट चालते आणि ही रेस्टॉरंटं पुष्कळदा एका बाजूने उघडी असतात, तेव्हा आतलं टेबल मागून घ्या.

चायनाटाउन स्वस्त आहे आणि तिथे निवड जास्त आहे, हे मान्य. गाडी असेल तर एक दुपार स्प्रिंग माउंटन रोडला द्या, चायनाटाउन तिथेच आहे. कॅसिनोतून खोलीवर न्यायचं असेल तर सूप आणि नूडल्स वेगळ्या डब्यांत मागा, आणि चाऊ फन नेऊच नका, लिफ्टपर्यंत जाईतो त्याचा गोळा होतो.